मलंगगडाचा वरचा मजला

मलंगगडाचं नाव काढलं की आपल्याकडे एकच विषय निघतो. माघ पौर्णिमा जवळ आली की बंदोबस्त, घोषणा आणि व्हॉट्सॲपवर फॉरवर्डचा पाऊस. त्या वादावर आज लिहायचं नाही. तो सगळा खालच्या पीर माचीवरचा. तिच्या वर सोनेमाची आहे, त्याच्याही वर बालेकिल्ला आहे. त्याबद्दल मात्र कुणी एक ओळ लिहीत नाही.

शिरगावात राहायला आलो तेव्हा आमच्या गच्चीवरून ही अख्खी रांग दिसायची. मलंगगड, ताहुली, चंदेरी. आता मध्ये टॉवर उभे राहिलेत. पोरांना गड कुठल्या दिशेला तेही सांगता येत नाही.

गड शिलाहारांच्या काळातला मानतात. अंबरनाथचं शिवमंदिर त्याच शिलाहारांचं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चं. कल्याण मोठं बंदर, तिथून घाटावर मालाची ये-जा. असा सुमारे अडीच हजार फुटांचा कातळ ज्याच्या हातात, त्याची नजर सगळ्या मुलखावर.

म्हणूनच १७८० मध्ये इंग्रजांना तो हवा होता. कल्याण त्यांनी आधीच घेतलं होतं. भर पावसाळ्यात कॅप्टन ॲबिंग्टनने अचानक हल्ला करून पीर माची घेतली. पण वरच्या मराठी शिबंदीने गड सोडला नाही. दारूगोळा होता, तोफा होत्या, तरी वर जाता येईना. उलट मराठ्यांची फौज आली आणि वेढा घालणाराच वेढ्यात सापडला! ऑक्टोबरच्या सुरुवातीला कर्नल हार्टली आला म्हणून तो सुटला. वसईसारखा कोट त्याच वर्षी डिसेंबरात पडला, हे लक्षात घ्या, म्हणजे या मूठभर शिबंदीची किंमत कळेल.

बालेकिल्ल्याच्या पायऱ्या आज तुटलेल्या आहेत. मधली खाच ओलांडायला एक लोखंडी पाइप. खाली दरी. मी सोनेमाचीवरूनच मागे फिरलो, घरी बायकोपोरं आहेत हो! दोर लावून जाणारे ट्रेकर सांगतात, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, वाड्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. छप्पर कधीच गेलं. दर पावसाळ्यात आणखी एखादा दगड निसटत असणार.

फ्युनिक्युलरवर आपण वर्षानुवर्षं बोललो. पण माचीवर १७८० ची हकिगत सांगणारा एक साधा फलक असावा, असं किती जणांनी मागितलं? आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हे विचारायला पैसे पडत नाहीत. मतं मागायला येतील तेव्हा रस्ता-पाण्यासोबत हाही प्रश्न टाका.

आणि शाळेतल्या शिक्षकांना विनंती. पोरांना रायगड, प्रतापगड जरूर दाखवा. पण ज्या गडाने इंग्रजांना दमवलं तो रिक्षाच्या अंतरावर आहे, हेही एकदा सांगा.