आमचा घरचा टेलिफोन

स्थिर खर्च म्हणजे काय, हे वर्गात शिकलो. पटले ते कारापूरच्या आमच्या टेलिफोनमुळे. महिनाभर कुणी रिसीव्हर उचलला नाही तरी भाडे येतेच, वर 18 टक्के जीएसटी! कारखाना बंद, भाडे चालू.

एके काळी मोबाईल ही श्रीमंतांची चैन होती; आलेल्या फोनचेही पैसे पडत. 2003 साली ते थांबले आणि मिस्ड कॉलचे राज्य आले. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे पैसे पाठवा. आमच्या काकांनी अख्खे कॉलेज अशा घंट्यांवर उरकले. आता रिचार्ज केला की बोलणे अमर्याद. मात्र अनेक रिचार्ज 28 दिवसांचे, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा. व्यापारी डोके खरे!

तरी मोबाईल पुरे, टेलिफोन काढू या, असे बाबा म्हणतात. मी बेळगावला वसतिगृहात. आईबाबा कामाला गेले की आजी घरी एकटी. पावसात वीज जाते, मोबाईल उतरतो, कधी टॉवरही रुसतो. तांब्याच्या तारेवरच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून मिळते. घरात अंधार असला तरी तो वाजतो. फायबर घ्यावे, तर त्याची पेटी घरच्या विजेवर चालते. म्हणजे इन्व्हर्टर आला! तो बाबांनी हिशेबात धरलाच नव्हता.

आजीला सगळे आकडे वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली, "आसूं दी तो."

या महिन्याचे भाडे मी शिकवणीच्या पैशांतून भरले आहे. पुढच्या महिन्याचे बाबांशी बोलणे चालू आहे.