चुकून लागला

"चुकून लागला हो खटका." हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी नुसतं 'चुकून' म्हणालं तरी माझं डोकं फिरतं. पंगतीत वाढपी चुकून दोनदा भात वाढतो, एसटीत चुकून पायावर पाय पडतो, त्या चुका मला कळतात. पण ज्या खटक्यावर ना नाव, ना खूण, ना कुलूप, तो कधी ना कधी दुसऱ्याच्या हातानं लागणारच होता. त्याला चुकून कसं म्हणायचं?

मागचं थोडक्यात सांगतो. घर शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या अंगाला, भीमेकाठी. पलीकडच्या तीरावर दौंड तालुका. मी आयटीआय केलेला, रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. शेती धाकटा भाऊ बघतो. ऊस, थोडा कांदा, चार गाई. पाणी नदीचं. काठावर साडेसात हॉर्सपॉवरची मोटार आणि तिथून दोन किलोमीटर पाइपलाइन.

ज्यांनी नदीवरच्या मोटारी पाहिल्या नाहीत त्यांना पुढचं कळायचं नाही, म्हणून जागा नीट सांगतो. दरडीवर डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तिच्याजवळ लोखंडी अँगल रोवून ओळीनं पेट्या टांगलेल्या. प्रत्येक पेटीत मेन स्विच, स्टार्टर आणि लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो. सगळ्या पेट्या एकाच राखी रंगाच्या, सगळ्यांचे पत्रे खालून गंजलेले. पेट्या वर आणि मोटारी खाली पाण्यापाशी. उन्हाळ्यात पाणी जसं मागं सरतं तशा मोटारी खाली उतरवत न्याव्या लागतात, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की रातोरात वर ओढाव्या लागतात. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आमची मोटार पेटीपासून दीडशे फुटांवर होती आणि मधे वेड्या बाभळीचं रान. पेटीपाशी उभं राहिलं तर मोटार दिसत नाही. मोटारीपाशी बसलं तर पेटी दिसत नाही. पेट्या तेव्हा तेरा होत्या. त्याच आठवड्यात चौदा झाल्या आणि सगळा घोळ त्या चौदाव्या पेटीनं केला.

रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, त्यामुळे आमच्याकडं येणाऱ्या पाण्यात पुण्याचं जे काही असतं ते सगळं असतं. जलपर्णीच्या मुळ्या फुटव्हॉल्व्हला गुंडाळतात, पंपात जातात आणि पंप धरतो. असा धरलेला पंप सोडवायची आमची रीत म्हणजे मोटारीच्या मागचं पत्र्याचं झाकण काढायचं आणि आतला पंखा हातानं मागंपुढं फिरवायचा. दोनचार हिसके दिले की सुटतो. त्या दिवशी मी पहिल्या पाळीवरून परस्पर नदीवर आलो होतो. वर जाऊन मेन स्विचचं हँडल मीच खाली ओढलं. खाली आलो. भाऊ पंख्याला हात घालून बसला, मी पुढच्या बाजूनं पाइपाचे बोल्ट ढिले करत होतो.

तेवढ्यात वर शेजारचे आण्णा आले. त्यांना त्यांची मोटार चालू करायची होती. त्यांचा बिचाऱ्यांचा हिशेब साधा होता. आपली पेटी डावीकडून तिसरी. वर्षानुवर्षं तिसरीच होती. पण दोनच दिवसांपूर्वी एकानं डाव्या टोकाला नवी पेटी टांगली होती. तिसरी आता आमची झाली होती आणि आण्णांची चौथी. आण्णांनी तिसऱ्या पेटीचं हँडल वर केलं, गाडीला किक मारली आणि गेले. हिरवं बटन त्यांनी दाबलंच नाही. दाबायची गरजच नव्हती, ऑटो होता ना.

ऑटो लगेच मोटार चालू करत नाही, जरा थांबतो. आण्णांच्या गाडीचा आवाज लांब गेल्यावर मोटार घुमली, पंपही नेमका तेव्हाच सुटला. मिनिटाला अठ्ठावीसशे-एकोणतीसशे फेरे घेणारा तो पंखा. भावाचा उजवा हात आत होता. मधल्या बोटाचं आणि करंगळीशेजारच्या बोटाचं पेर गेलं.

दवाखान्याचं सांगत बसत नाही. जे सलतं ते वेगळंच आहे. कंपनीत माझ्या नावाचं एक लाल कुलूप आहे. यंत्राला हात लावण्याआधी खटका बंद करायचा, त्याच्या हँडलच्या भोकात आपलं कुलूप घालायचं, वर आपला फोटो असलेलं कार्ड अडकवायचं, त्यावर 'धोका, माणूस कामावर आहे'. किल्ली एकच आणि ती कुलूपवाल्याच्या खिशात. सहा जण एका यंत्रावर असले तर सहा भोकांचा एक चिमटा असतो, त्यात सहा कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत मालकाचा बाप आला तरी यंत्र चालू होत नाही. अमेरिकेत १९८९ साली याचा नियम झाला, असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. दर वर्षी ते ट्रेनिंग मी ऐकतो, नव्या पोरांना मीच शिकवतो. आणि त्या दिवशी ते कुलूप माझ्या डब्याच्या पिशवीत होतं. कंपनीबाहेर न्यायचं नसतं, विसरून आलं होतं. पिशवी मोटारसायकलच्या हँडलला आणि मोटारसायकल पेट्यांपासून वीस पावलांवर. आमच्या मेन स्विचच्या हँडलला भोकसुद्धा होतं. मी नंतर जाऊन पाहिलं. करंगळी आरपार गेली त्यातून.

कंपनीत मी मालकाच्या यंत्राला कुलूप लावतो ते नोकरी जाईल म्हणून, हे तेव्हा कळलं. घरच्या मोटारीपाशी मला नोकरीवरून काढणारं कुणी नव्हतं.

गावात बैठक बसली. पोलिसांत जाऊ नका, भावकीतलं माणूस आहे, वगैरे. आण्णा रडले. खरंच रडले, खोटं सांगत नाही. पण प्रत्येक जण तेच ते. चुकून लागला, नशीब हात वाचला, वेळ आली होती. मी म्हणालो, पेट्यांवर नंबर टाका, ऑटो काढा. एक जण म्हणाला, "शिकलेल्यांचं काय, दिवसा एसीत बसायचं. रात्री दोनला लाईट येते तेव्हा कोण यायचं नदीवर खटका दाबायला, तू?" त्याला मी जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ऑटोचा राग मला तेव्हा जास्त होता, त्याचं कारण सांगतो. स्टार्टरच्या पोटात एक कॉईल असते. लाईट गेली की ती सुटते आणि लाईट परत आली तरी माणसानं हिरवं बटन दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. ज्यानं ही रचना केली त्यानं डोकं लावून केली. हिरवं बटन जरा आत दबलेलं आणि लाल बाहेर आलेलं असतं, तेही उगीच नाही. कोपर लागलं, शेळी घासली तर मोटार बंद पडावी, चालू होऊ नये. आणि आम्ही काय करतो? बाजारातून ऑटो आणतो आणि ती सगळी अक्कल बाजूला ठेवून मोटारीला सांगतो, लाईट आली की तुझी तू फिर. महावितरण दर हंगामात सांगतं, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीवर लोड येतो. तो डीपीचा विषय झाला. बोटांचं कुणी बोलत नाही.

दौंडला माझे मामा आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले. पुण्याहून सोलापूरला आणि मनमाडला जाणाऱ्या लाइनी जिथं फुटतात ते दौंड. मामांनी केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात जन्म काढला. भावाला बघायला आले तेव्हा म्हणाले, आमच्याकडं कॉलर असायची. लाइनवर गाडी उभी असली किंवा माणसं काम करत असली की त्या लिव्हरच्या मुठीत लोखंडी कडं घालायचं. पुढं पॅनल आले तेव्हा बटनावर घालायची कॉलर आली. मी विचारलं, "कुलूप असतं का तिला?" मामा म्हणाले, "नाही रे, कुणीही काढू शकतं. पण हात सवयीनं जातो ना, तो कडं लागलं की थांबतो. तेवढं थांबणं पुरतं."

मग मला आमचे वडील आठवले. ते तर शाळेत गेलेले नाहीत. पण मोटारीला हात लावायच्या आधी किटकॅटचे तिन्ही फ्यूज उपसून कोपरीच्या खिशात टाकायचे. चिनीमातीचे ते पांढरे फ्यूज खिशात खुळखुळत असायचे आणि आई म्हणायची, हे बघा आले वाजत. माझ्या लाल कुलपात आणि त्या खुळखुळण्यात काय फरक आहे? आता पेटीत एमसीबी असतो, उपसून खिशात टाकायला काही उरलंच नाही. हाताला एवढंच कळतं की एक काळी दांडी वर करायची किंवा खाली. त्यातही घरचा खटका खाली केला की चालू, एमसीबी वर केला की चालू. आमची आई अजूनही अंदाजानं दोन्ही करून बघते. घरातल्या फ्रिजच्या बटनावर बायकोनं चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' लिहिलंय. दूध नासू नये म्हणून आम्ही एवढं करतो.

तर पेट्यांचं. मी स्वतः लाल ऑइलपेंटनं चौदाही पेट्यांवर नाव आणि नंबर टाकले. आमचा ऑटो काढला आणि पेटीच्या दाराला कुलूप ठोकलं. इथं मी स्वतःच चुकलो, कारण कंपनीतलं कुलूप बंद खटक्याला लावायचं असतं, चालू मोटारीला नाही. पुढच्याच पावसाळ्यात एका रात्री आमच्या पेटीत केबल शॉर्ट झाली. मोटार चालू, पेटीतून ठिणग्या, आणि खटका माझ्या कुलपाच्या आत. नेमके आण्णाच तिथं होते. त्यांनी दगडानं कोयंडा फोडला, वाळक्या काठीनं हँडल पाडलं. सकाळी मला म्हणाले, "चालू करू नये म्हणून कुलूप लावलंस, बंद कुणी करायचं ते ठरवलं नाहीस." उत्तर नव्हतं. राग मात्र आला, आणि तो बरोबर बोलणाऱ्याचा जास्त येतो.

आता दाराला कुलूप नाही. हँडलच्या भोकाशी साखळीनं एक कुलूप लोंबतं ठेवलंय, काम करताना तेवढंच लावायचं. चौदापैकी तिघांनी तसं केलं. बाकीचे म्हणतात, आम्ही बघून करतो. मी सांगणं सोडलेलं नाही. निदान कामाला बसताना वर एक पोरगं उभं करा, नाहीतर हँडलला सायकलच्या ट्यूबचा तुकडा करकचून बांधा. दुसऱ्याचा हात तेवढ्यानंही अडतो. वायरमन खांबावर चढलेला असताना खालून कुणी खटका ओढू नये म्हणून परमिट असतं, गावच्या झिरो वायरमनला, म्हणजे नोकरीत नसलेल्या वायरमनला, तेही नसतं. तो फोनवर कुणाच्या तरी 'हां बंद केलंय' या शब्दावर चढतो. मला बघवत नाही.

आणि एवढं बोलून झाल्यावर हेही सांगायला हवं, की गेल्या हिवाळ्यात मी ऑटो परत बसवला. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात पिंपरखेडकडं बिबट्यानं लेकरं मारली. आमच्या उसातही ठसे दिसले. आठवड्याआड रात्रीची लाईट, आणि हिरवं बटन दाबायला भावानं दोन वाजता बाभळीतून एकट्यानं जायचं. आई म्हणाली, "बोटं गेली तेवढी पुरेत." बैठकीत मला टोमणा मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी भेटला, काही बोलला नाही, नुसता पेटीकडं बघून हसला.

भाऊ आता डाव्या हातानं धार काढतो. पहिली गाय महिनाभर लाथा झाडायची, आता तिला सवय झालीय. तो कधी त्या दिवसाचं काढत नाही. मी काढलं तर म्हणतो, "दादा, सोड ना."

साखळीतल्या कुलपाची किल्ली कंपनीच्या नियमानं एकच हवी आणि ती काम करणाऱ्याच्या खिशात. पण मी पाळीवर असताना कुलूप तसंच राहिलं तर पाणी अडतं, म्हणून दुसरी करून घेतली. नदीला सगळ्यात जवळचं घर आण्णांचं. त्यांच्या दारामागं, कालनिर्णयच्या खिळ्याला ती लटकवलेली असते. भावाला अजून सांगितलेलं नाही.