ज्वारीवर ज्वारी

आमच्या धाकटीला गहू चालत नाही. हे वाक्य मी दुकानात, शाळेत, लग्नाच्या पंगतीत आणि एसटीच्या थांब्यावर इतक्यांदा म्हटलंय, की समोरून काय येणार ते मला आधीच ठाऊक असतं. "अगंबाई, मग ती खाते तरी काय?" हे पहिलं. "पण थोडासा चालत असेल की!" हे दुसरं. तिसरं वडीलधारी माणसं फार मायेनं म्हणतात, "प्रसाद आहे गं, प्रसादानं काही होत नाही."

पहिल्या प्रश्नाचा मला राग येत नाही. भाकरी, भात, घावन, आंबोळी, पोहे, इडली, साबुदाण्याची खिचडी अशी यादी सांगता सांगता विचारणाऱ्याचाच चेहरा खुलतो. गव्हावाचून मराठी माणूस उपाशी राहत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यापाशी मात्र मी अडते, कारण तिथे गहू बाजूला राहतो आणि आपला आग्रह सुरू होतो.

तिच्या आजाराचं नाव सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि थंड देशांत पिकणारी राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना फाटत नाही, ती या ग्लूटेनची करणी. काही माणसांचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवून टाकतं. त्या अस्तरावरची बारीक लव सपाट झाली की खाल्लेलं अंगी लागत नाही. धाकटी मऊ भातावरून वरण-पोळीच्या काल्यावर आली, आणि काही महिन्यांत तिचं वजन थांबलं. पोट पुढे, हातपाय बारीक, सारखी किरकिर. जंताचं औषध झालं, लोहाचं सिरप झालं, दात येत असतील म्हणून वाट पाहून झालं, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तपासणी लिहून दिली, पाठोपाठ दुर्बिणीतून आतड्याचा इवलासा तुकडा काढून तपासला, आणि आजाराला नाव मिळालं. (कुणाला आपल्या मुलाबद्दल अशी शंका आली तर एक सांगून ठेवते: तपासण्या होईपर्यंत आपल्या मनानं गहू बंद करू नका. गहू बंद केला की रक्तातल्या खुणा पुसट होत जातात आणि निदान अवघड होतं.)

औषध नाही. गहू जन्मभर बंद, हाच उपचार. आणि बंद म्हणजे पुरता बंद. आपल्याकडे एखाद्या पदार्थावर 'ग्लूटेनमुक्त' असं छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असून चालत नाही, एवढी ती रेघ बारीक आहे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचे ओठ बघता बघता सुजतात, सगळं घर हादरतं आणि पुन्हा कुणी त्याला दाणा दाखवत नाही. धाकटीनं पोळीचा तुकडा खाल्ला तर तसं डोळ्यांसमोर काही घडत नाही. रात्री पोट दुखेल, दोन दिवस जुलाब होतील, कदाचित तेवढंही होणार नाही. आतलं अस्तर मात्र झिजायचं ते झिजतंच. जे दिसत नाही त्यावर पाहुण्यांनी विश्वास कसा ठेवावा? म्हणून "एका घासानं काय होतंय" हे वाक्य पुन्हा पुन्हा निघतं.

या आजाराचा इतिहास मी मुलं झोपल्यावर वाचून काढला. सॅम्युअल जी या इंग्रज डॉक्टरनं १८८८ मध्येच याचं वर्णन करून ठेवलं होतं आणि आजार हटला तर आहारानंच हटेल असंही सांगितलं होतं. कोणता आहार, हे मात्र त्याला उमगलं नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं सुधारली. श्रेय केळ्यांना गेलं. खरं तर ताटातला पाव गेला होता, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे त्या देशात उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला, आणि बाकी सगळे खंगत असताना त्यांच्या दवाखान्यातली ही मुलं बिघडली नाहीत. युद्ध संपून पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला आणि गहू कायमचा दोषी ठरला.

हे मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमच्यात कुणाला कळणार हुतं? आमच्यात गहू म्हंजे सणाला नि पाव्हणा आला तर." सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली ते हे मंगळवेढं, आणि तिथली मालदांडी ज्वारी आज भौगोलिक मानांकन मिरवते. १९७२ च्या दुष्काळात तीही पिकली नाही आणि रेशनवरच्या परदेशी लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, असं त्या सांगतात. लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा रोज पोळी मिळणं म्हणजे बरे दिवस आले, असा त्यांचा हिशेब होता. नातीसाठी पुन्हा तिन्हीत्रिकाळ भाकरी थापायची वेळ आली, तेव्हा आपण मागे चाललो असंच त्यांना आधी वाटलं असणार. आता हॉटेलांत भाकरीला वेगळं पान असतं, २०२३ हे जगानं भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आणि मालदांडी गव्हापेक्षा महाग मिळते. सासूबाईंना या सगळ्याची गंमत वाटते. मला पिशवीचं बिल भरताना तेवढी वाटत नाही.

खरी लढाई गिरणीत झाली. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवता येत नाही. विरी गेली की भाकरी थापताना तुटते, म्हणून थोडं थोडं आणि ताजं दळावं लागतं. गिरणीत दिवसभर गहू चालू असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ जात्यात, कापडी तोंडात, खालच्या डब्यात मूठ-दोन मुठी राहतंच. पूर्वापार गिऱ्हाइकं बजावतात, "ज्वारीवर ज्वारी दळा हं." ते चवीसाठी असतं. आम्हाला तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण आमच्या आधीच्या ज्वारीच्या आधी गहू होता. गिरणीवाले काका भले गृहस्थ. त्यांनी सोमवारी सकाळी गिरणी झाडून पहिलं दळण आमचं घ्यायची तयारी दाखवली. काही आठवडे तसं केलंही. पण हवेत उडणाऱ्या कणकेचं ते तरी काय करणार? शेवटी घरघंटी आणली. तीत गहू घालायचा नाही, बेसनसुद्धा तीतच दळायचं. विकतचं बेसन कुठल्या जात्यातून आलं ते कोण सांगणार?

मग भांडी वेगळी झाली. परात, तवा, चाळण, पोळपाट वेगळे. सासूबाईंची जुनी लाकडी काटवट माळ्यावर गेली, कारण लाकडाच्या चिरांत पीठ राहतं. आमच्या पिढीनं सोवळ्याची भांडी मोडीत काढली त्याचा मला अभिमान होता. आता माझ्याच ओट्यावर धाकटीचा तवा आज्जींच्या सोवळ्यातल्या तांब्यासारखा बसून असतो आणि कुणी पोळीचा उलथना त्याला लावला की मी आज्जींच्याच आवाजात ओरडते.

बाकी शोध लागत गेले ते एकेक डबा उघडताना. बाजारचा हिंग नुसता हिंग नसतो, त्यात बहुधा मैदा मिसळलेला असतो. म्हणजे आमटी गेली, लोणचं गेलं, कुणाच्याही घरचा मसालेभात गेला. थालीपिठाच्या भाजणीत गहू. पोट बिघडलेल्या मुलाला कुणीही डोळे मिटून देईल त्या मेतकुटातही गहू. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. पुरणपोळीतलं पुरण तिचं, पोळी दादाची. वाटीभर पुरण आणि त्यावर साजूक तूप मिळालं की तिची होळी होते. आमच्याकडे मोदक कणकेचे, तळणीचे असायचे. आता शेजारच्या चिपळूणच्या काकूंकडून शिकून उकडीचे होतात, आणि घरात कुणालाही जुन्यांची आठवण येत नाही.

थोरल्याचा प्रश्न याहून अवघड. अशा मुलाच्या भावंडांचीही तपासणी करतात, तशी त्याची झाली. त्याला काही नाही. मग घरातून गहू हद्दपार करायचा की नाही? एका बाजूनं सोपं होतं: सगळ्यांनी भाकरी-भात, विषय संपला. पण त्याला पोळी मनापासून आवडते, साखर-तूप लावलेली गुंडाळी तर फारच. बहिणीच्या आतड्याची शिक्षा त्याच्या जिभेला का? रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकच, बिनगव्हाचं. सकाळी त्याच्या डब्याला पोळ्या, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. यावर आम्ही स्थिरावलो. तरी तो अधूनमधून चिडतो. वाढदिवसाला बेकरीतला केक हवा म्हणतो, आणि आम्ही आणतो. त्या दिवशी धाकटीसाठी तांदळाच्या पिठाचा केक घरी करतो. तो दरवेळी नीट फुगतोच असं नाही. ती बेकरीच्या केककडे बघते. बघू दे. जगात केक आहेत हे तिच्यापासून लपवून ठेवता येणार नाही.

एक मात्र मी मुद्दाम टाळलं आहे. शाळेत, वाढदिवसांना, बिल्डिंगच्या गच्चीवर दादानं तिच्यावर लक्ष ठेवावं, असं सगळे सुचवतात. मोठ्या भावाचं कर्तव्यच, म्हणतात. तो आपणहून पाकिटांवरची अक्षरं वाचतो, तिला सांगतो, ते चांगलंच आहे. पण राखणदार म्हणून मी त्याची नेमणूक केलेली नाही. तो दहा वर्षांचा आहे. त्याला पार्टीत जाऊन स्वतःचा समोसा निवांत खाता आला पाहिजे.

म्हणजे 'नको' म्हणायचं ते तिलाच. आणि आपण पोरांना जन्मापासून शिकवतो काय? पानात टाकू नये. वाढणाऱ्याला नाही म्हणू नये. अन्न हे पूर्णब्रह्म. चिऊचा घास, काऊचा घास करत पोट भरल्यावरही दोन घास जास्त भरवायचे, आणि त्यालाच माया म्हणायचं. मीही असेच घास खाऊन वाढले. पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन फिरणाऱ्या यजमानाला "नको" म्हटलं तर तो ते उत्तर समजत नाही. त्याच्या लेखी ती आग्रहाची सुरुवात असते. अशा पंगतीत पाच वर्षांची पोर बसवायची आणि तिनं आजोबांच्या वयाच्या माणसाला तीन तीनदा नाही म्हणायचं, ते रडल्याशिवाय आणि उद्धटपणा न करता. आम्ही घरी तालीम केली. तिचा बाबा यजमान व्हायचा, प्लॅस्टिकच्या ताटलीत जिलेबी घेऊन यायचा, लाडीगोडी लावायचा, रुसायचा. ती म्हणायची, "मला चालत नाही, मी भात घेते." यात ती इतकी तरबेज झाली, की आता न आवडणाऱ्या दोडक्यालाही गंभीर चेहऱ्यानं "मला चालत नाही" म्हणते.

सर्वांत कठीण गेला तो सत्यनारायणाचा प्रसाद. सव्वाच्या मापानं रवा, साखर, तूप, वर केळं. तळहातावर ठेवलेला तो शिरा न खाणं म्हणजे यजमानाचा आणि देवाचा एकदमच अपमान, अशी समजूत पक्की. पोथीत प्रसाद न घेतल्याचं काय होतं तेही सगळ्यांनी ऐकलेलं. एका नातेवाईक बाईंनी तिच्या तोंडाशी हात नेला, तेव्हा सासूबाईच मध्ये पडल्या. म्हणाल्या, "देवाला कळतंय तिचं पोट. तुम्हालाच कळंना." मी इतकी वर्षं अहवाल, आतडं, प्रथिन असं समजावून जे करू शकले नव्हते, ते त्या वाक्यानं केलं. आता नात्यात कुठेही पूजा असली की धाकटीच्या हातावर पंचामृत आणि केळं पडतं.

आणि याच देवानं तिची सोयही केलेली आहे. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, रताळं. उपासाच्या सगळ्या जिनसा तिला चालतात, आणि उपासाला कुणी हिंग घालत नाही. आषाढी एकादशीला ती कुणाच्याही घरी जाते, फक्त राजगिऱ्याच्या पिठात भेसळ नाही ना एवढं मी पाहते. "आज सगळ्यांना माझं जेवण," असं तिनं एकदा शाळेत सांगितलं म्हणे.

अलीकडे एक गोष्ट मात्र खटकते. आम्हाला जेवायला बोलावणं कमी झालंय. लोक दुष्ट नाहीत, घाबरतात. उगीच पोरीला काही झालं तर, म्हणून चहावर भागवतात. तर वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर त्या घराला जेवायला बोलवा. वेगळं पक्वान्न लागत नाही. स्वच्छ पातेल्यात साधा भात, त्यावर दही किंवा तूप, एक फळ, एवढं पुरतं, बाकीचं आई डब्यातून आणेल. मुलानं 'नको' म्हटलं की दुसऱ्यांदा विचारू नका. आणि त्याच्या भावाला मात्र गरम पोळी आग्रह करून वाढा, त्याला घरी ती रात्री मिळत नाही.