भीड आणि मोटार

जन्मभर मुलांकडून शब्दरूपें आणि धातुरूपें घोकून घेतलेल्या मास्तरानें स्पोर्ट्स मोटारीवर लेख लिहावा, हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. मलाहि येत आहे. मला मोटार चालवितां येत नाहीं. आणि ज्या दोन आसनांच्या, जमिनीलगत बसलेल्या, गुरगुरत जाणाऱ्या मोटारींना हें नांव आहे, त्यांत शिरतांना माझ्या गुडघ्यांची जी अवस्था होते ती सांगण्यासारखी नाहीं. तथापि २०२५ सालीं अशी एक जुनी मोटार विकत घेण्याच्या कामांत मला पडावें लागलें. त्यांत जें शिकलों तें केवळ मोटारीपुरतें नाहीं असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

आमच्या भागांत मोटारींचें वेड अगदींच नवें नव्हे. २०१० च्या ऑक्टोबरांत औरंगाबादेच्या (आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या) मंडळींनीं एकदम १५० मर्सिडीझ मोटारी खरेदी केल्या, ती वार्ता साठ किलोमीटरवरच्या जालन्यांत कित्येक दिवस चघळली जात होती. पुढें समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई हे सारे ७०१ किलोमीटर एकसंध झाले. ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा असलेला रस्ता दाराशीं आल्यावर तरुणांना वेगाचीं स्वप्नें पडलीं तर नवल काय?

असेंच एक स्वप्न माझ्या भाच्याला पडलें. तो पुण्यास एका संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहे. एके दिवशीं त्याचा फोन आला. "मामा, नऊ वर्षांची जर्मन गाडी आहे, छप्पर उघडणारी. बावीस लाखांत मिळते आहे. नवी घेतली असती तर सत्तरांच्या घरांत गेली असती. सोळा माझे आहेत, सहा आई देते म्हणाली. पण ती म्हणते, आधीं मामाला विचार."

माझ्या बहिणीचे यजमान दहा वर्षांपूर्वीं वारले. ते सहा लाख म्हणजे त्यांच्या फंडांतून उरलेली पुंजी. मीं लगेच नको म्हटलें नाहीं. तरुण माणसानें आपल्या घामाच्या पैशांनीं एखादी हौस करावी, यांत पाप तें कोणतें? पण ते सहा लाख मनांतून जाईनात, आणि त्यांच्याबरोबर एक जुनी गोष्ट सलूं लागली. ती सांगितल्यावांचून पुढचें समजणार नाहीं.

१९९१ सालीं मी अंबडला शिक्षक होतों. एका सहकाऱ्यांची जुनी स्कूटर मीं विकत घेतली. गृहस्थ माझ्याहून वडील आणि खरोखरच सज्जन. त्यांच्या ओटीवर चहा झाला, त्यांनीं किल्ली हातांत दिली. शेजारचा एकजण हळूच म्हणाला, "मास्तर, एकदां मिस्त्रीला दाखवा." मीं त्यालाच दटावलें. एवढ्या थोर माणसाच्या वस्तूची परीक्षा घ्यायची? त्यांना काय वाटेल? तिसऱ्या आठवड्यांत पत्नीला मागें बसवून मी जालन्यास निघालों. एका उतारावर बैलगाडी आडवी आली. मीं ब्रेक दाबला. पाय तळाला टेकला, पण गाडी थांबेना. ब्रेकची तार झिजून एका धाग्यावर आली होती, ती नेमकी त्या क्षणीं तुटली. मिस्त्रीला तें पांच मिनिटांत दिसलें असतें. मला नुसतें खरचटलें; तिचा उजवा पाय मांडींत मोडला. आजहि ती देवघराची पायरी भिंतीला धरून चढते. त्या सहकाऱ्यांनाहि तारेची कल्पना नव्हती. इस्पितळांत ते माझ्याहून अधिक रडले. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण मीं शेंकडों मुलांकडून वाक्यांत उपयोग करून घेतली होती; तिचा अर्थ मला त्या उतारावर कळला. आणि त्यांतहि अन्याय असा कीं भीड माझी होती आणि पाय तिचा गेला.

म्हणून भाच्याला मीं सांगितलें, "घे, पण याज्ञवल्क्यानें सांगितलें आहे तशी घे."

तो हंसला. मीं विनोद केला नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत 'क्रीतानुशय', म्हणजे खरेदीनंतरचा पश्चात्ताप, असें एक प्रकरण आहे. कोणता माल किती दिवस पारखावा याच्या मुदती तेथें दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, वाहून नेणाऱ्या जनावराला पांच, रत्नाला सात, दुभत्याला तीन. (त्याच यादींत दासदासीहि आहेत, तें वाचतांना मान खालीं जाते.) बियाणें आणि लोखंड हे तर आमच्या जालन्याचे दोन मुख्य धंदे! नारदस्मृतीचें सांगणें याहून स्पष्ट आहे: घेणाऱ्यानें गुणदोष आधीं स्वतः पाहावे; पाहून पसंत केलेली वस्तु मग विकणाऱ्याच्या माथीं परत मारतां येत नाहीं. यावरून मीं एवढेंच घेतलें कीं परीक्षा हा विकणाऱ्याचा अपमान नव्हे, ती व्यवहाराची जुनी रीतच आहे. मोटार ही वाहून नेणाऱ्यांपैकीं; तेव्हां तिला पांच दिवस.

पहिला दिवस कागदांचा. गाडी पाहण्यापूर्वींच कागद पाहावे, कारण गाडी पाहिल्यावर ते वाचण्याइतकें मन स्थिर राहत नाहीं. नोंदणीपत्रावरचें नांव विकणाऱ्याचेंच आहे ना, मालक किती झाले, दंडाचीं चलनें थकलीं आहेत काय, हें सरकारच्या 'वाहन' नोंदवहींत क्रमांक घालून पाहतां येतें. बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचें ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्यावांचून पैसा देऊं नये. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विम्याच्या कागदावर 'नो क्लेम बोनस'चा रकाना असतो. कधीं ओरखडाहि आला नाहीं म्हणणाऱ्या जुन्या मालकाच्या त्या रकान्यांत शून्य असेल तर कारण विचारावें. पुदुच्चेरीसारख्या कमी कराच्या प्रदेशांत नोंदलेली गाडी कायमची महाराष्ट्रांत आणली तर येथील कर नव्यानें भरावा लागतो, हें स्वस्त भावाच्या आनंदांत विसरूं नये. शेवटीं चासी-क्रमांक. तो सतरा खुणांचा असतो, आणि त्यांत इंग्रजी आय, ओ, क्यू हीं अक्षरें कधींच नसतात, कारण तीं एक आणि शून्य या आंकड्यांसारखीं दिसतात. कागदावरचा आणि गाडीवर कोरलेला क्रमांक अक्षर अन् अक्षर ताडून पाहावा. २०२० च्या डिसेंबरांत मुंबई पोलिसांनीं एका देशी बनावटीच्या स्पोर्ट्स मोटारीच्या प्रकरणीं कारवाई केली, तेव्हां एकाच चासी-क्रमांकावर एकाहून अधिक गाड्या नोंदल्याचा आणि एकाच गाडीवर अनेक कर्जें काढल्याचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण सतरा खुणा वाचायला पैसा पडत नाहीं.

भाच्याच्या त्या गाडीचे कागद स्वच्छ निघाले. पहिली नोंदणी मुंबईची, तीन वर्षांपूर्वीं पुण्याच्या गृहस्थांनीं घेतलेली.

दुसरा दिवस शरीरपरीक्षेचा. त्यासाठीं मीं जालन्याच्या जुन्या मोंढ्याजवळचे एक वृद्ध मिस्त्री बरोबर घेतले. सारें गांव त्यांना चाचा म्हणतें. पुण्यास पोंचतांच चाचांनीं कशालाहि हात न लावतां बॉनेटवर तळवा ठेवला. तें ऊन होतें. गाडी थंड ठेवावी असें आम्हीं आदल्या दिवशीं कळविलें होतें. "थंड यंत्र खरें बोलतें, मास्तर," चाचा मला म्हणाले, "गरम झालें कीं तें गोड बोलूं लागतें." थंड यंत्र सुरू करतांना येणारा धूर पाहावा: निळसर असेल तर तेल जळतें आहे, पांढरा आणि न थांबणारा असेल तर थंड ठेवणारें पाणी आंत शिरतें आहे, काळा असेल तर पेट्रोल वाजवीपेक्षां जास्त जातें आहे. तेलाच्या झांकणाच्या आंतल्या अंगाला सायीसारखा थर असेल तर तेलांत पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. दारें आणि बॉनेट यांच्या फटी दोन्हीं बाजूंस सारख्या असाव्यात. बिजागरीच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असतील तर तो भाग केव्हां तरी उघडला गेला आहे.

इतकें होतें तोंच पोहे आणि चहा आला. घर सुसंस्कृत, बोलणें अगत्याचें. गृहस्थ माझ्याशीं कालिदासावर बोलूं लागले! भाचा माझ्या कानाशीं लागला, "मामा, आतां आणखी उकरून पाहणें बरें दिसत नाहीं."

खरें सांगतों, मलाहि तसेंच वाटत होतें. पण हातांतल्या चहानें मला ती अंबडची ओटी आठवली, आणि ओटीमागोमाग देवघराची पायरी. मी उठलों आणि म्हणालों, "चाचा, जें राहिलें आहे तें पाहून टाका."

चाचांनीं आसनाचा पट्टा धरून सावकाश ओढला. सगळेच पट्टा हातभर ओढतात. चाचांनीं तो शेवटापर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर भागांत मातकट रंगाची आडवी रेघ होती. मग त्यांनीं पायाखालचा गालिचा उचलला. खालीं पिठासारखा बारीक गाळ, आणि आसनाच्या बोल्टांना तांबेरा. गाडींत अत्तराचा एवढा वास कां होता, तें आतां कळलें. गाडी कधीं तरी पुराच्या पाण्यांत उभी होती. २६ जुलै २००५ ला मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे वर्षाचाहि इतका पडत नाहीं. म्हणून आम्हां कोरड्या मुलखांतल्या लोकांना हा दोष सुचत नाहीं. बुडालेली मोटार पुसून चकाकते; पण तिच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा पुढें वर्षानुवर्षें आपलें काम करीत राहतो. ब्रेक आणि अपघाताच्या हवेच्या पिशव्या हीं सारीं आतां त्या तारांच्याच हुकमतींत असतात.

गृहस्थांचा चेहरा उतरला. तो कपटी माणसाचा चेहरा नव्हता. ते म्हणाले, "मीं हें कधीं पाहिलेंच नाहीं. ज्यांच्याकडून घेतली ते माझ्या मित्राचे मेहुणे. त्यांच्यासमोर गालिचा कसा उचलायचा?" मी कांहीं बोललों नाहीं. त्यांना जी भीड पडली होती तिला मी चांगला ओळखीत होतों.

दुसरी गाडी दोन महिन्यांनीं पाहण्यांत आली. तिनें पहिले दोन दिवस निभावले. तिसरा दिवस चाचांच्या ओळखीच्या कारखान्यांतला. गाडी उचलून पोट पाहिलें, कारण अशा मोटारींचें पोट जमिनीला टेकलेलें असतें आणि आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक कोणाची गय करीत नाहींत. यंत्राला संगणक जोडून त्यांत सांठलेले दोष वाचले. टायरांची नक्षी नव्यासारखी. पण बाजूस चार आंकडे होते, २२१६, म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी नवी, वय जुनें! पांच वर्षांनंतर टायर दरवर्षीं तपासावा आणि दहा वर्षांचा झालेला कितीहि चांगला दिसला तरी काढावा, असें टायर बनविणारेच सांगतात. समृद्धीसारख्या रस्त्यावर तर हा नियम जिवाचा आहे. नव्या टायरांची रक्कम भावांतून वजा झाली. चौथा दिवस रस्त्याचा: मोकळ्या जागीं वेगांतून ब्रेक दाबतांना गाडी एका अंगाला ओढते काय, गियर बदलतांना हिसका बसतो काय, छप्पर तीनदां उघडून मिटतें काय. अंतराचा आंकडा कमी आणि पायाखालच्या पट्टीचें रबर मात्र झिजून गुळगुळीत, असा प्रकार असेल तर रबरावर विश्वास ठेवावा.

पांचवा दिवस मीं मनासाठीं राखला होता. त्या दिवशीं गाडी पाहायची नाहीं, विकणाऱ्याशीं बोलायचें नाहीं. कागद घेऊन बसायचें आणि विमा, पेट्रोल, सुटे भाग, कंपनीचा जवळचा कारखाना किती लांब, हें सारें मांडायचें. संध्याकाळीं भाच्याचा फोन आला. "मामा, ही साडेपंधरा लाखांत बसते. आईचे सहा लाख मीं परत केले." ज्या परीक्षेंत वस्तूबरोबर घेणाराहि तपासला जातो, ती पुरी झाली असें मीं समजलों.

वाचकहो, तुम्ही मोटार घ्या, घर घ्या अथवा मुलीसाठीं स्थळ पाहा. विचारायचें तें विचारा, उचलायचा तो गालिचा उचला. समोरचा सज्जन असेल तर तो रागावणार नाहीं. आणि रागावलाच, तर तो राग मोडलेल्या पायापेक्षां फार स्वस्त आहे.

गाडी घेऊन भाचा जालन्यास आला आणि मामीला फिरवून आणतो म्हणाला. तिला त्या खोल आसनांत बसवायला आम्हां दोघांचे हात लागले. पट्टा बांधल्यावर तिनें विचारलें, "ब्रेक पाहिलेस ना रे?"

"मामी, मामांनीं तीनदां पाहायला लावले."

तिनें माझ्याकडे पाहिलें आणि मान हलविली. चौतीस वर्षांत ब्रेक हा शब्द तिच्या तोंडून मीं प्रथमच ऐकला. आसनें दोनच असल्यामुळें मी ओट्यावर राहिलों, आणि वळणाआड आवाज नाहींसा होईपर्यंत तसाच उभा होतों.