मानेचा टाका

कापडी बाहुलीच्या देहात सर्वांत दुर्घट अवयव म्हणजे मान, हे मत मी आयुष्यभर बाळगले. आणि आता संधिवाताने बोटे आखडून दोरा ओढताना पूर्वीची पकड उरली नाही, तेव्हा ते मत जवळजवळ श्रद्धेच्या पदवीस पोहोचले आहे. पाहणाऱ्यांची वाहवा डोळ्यांना, नथीला, पदराच्या जरीला मिळते. परंतु लहान मूल बाहुली उचलते ती मानेला धरून, आणि तिचे आयुष्य किती हे तेथेच ठरते.

१९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य होऊन राजधानी भोपाळास ठरली, तेव्हा नागपुरातील सरकारी दप्तरांबरोबर जी मराठी बिऱ्हाडे इकडे हलली, त्यांत आमचे एक होते. त्या सामानात, आत्याने आपल्या विरलेल्या लुगड्यातून शिवलेली माझी बाहुली होती. तिचे डोळे काळ्या दोऱ्याचे, एका गालावर खोबरेल तेलाचा डाग, आणि अंबाडा माझ्या चोखण्याने चपटा झालेला. मान मात्र कधी ढळली नाही. शेजारी जपानी सेल्युलॉइडची गुलाबी बाहुली होती, पण ते द्रव्य ठिणगीसरशी पेट घेई, म्हणून तिचा मुक्काम कपाटात असे आणि तिच्या मालकिणीला माझ्या बाहुलीचा हेवा वाटे. पुढे एका बदलीत माझी बाहुली हरपली. त्यानंतर मी ज्या ज्या बाहुल्या शिवल्या, त्या सर्वांत मी तीच मान शोधीत आले.

कापड उरेब कापावे तर मान वळते सुरेख, पण ताणाने बारीक होत जाते; सरळ कापावे तर टिकते, पण गळ्याशी सुरकुत्या पडतात. म्हणून आतला गाभा सरळ धाग्याचा, पीळ देऊन, डोक्यापासून छातीपर्यंत अखंड नेलेला, आणि वरची त्वचा उरेब, असा तोडगा मी काढला. तोही नव्या कापडात साधत नाही, कारण खळ असलेला पदर पदरावर घसरतो. वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेले लुगडेच आवळल्यावर दगडासारखे बसते. अखेरचा टाका मेण लावलेल्या दोऱ्याने, श्वास रोखून, एकाच दमात ओढावा लागतो. ती ओढ आता माझ्या हातात नाही.

हल्लीच्या बाजारी बाहुल्यांत पॉलिएस्टरचा तंतू भरतात. तो दाबला की पुन्हा फुगतो, त्यामुळे मान आवळली जातच नाही आणि महिन्याभरात डोके छातीवर लोळू लागते. याला मी कसब म्हणत नाही. फडताळात उभी राहावयाची बाहुली निराळी. तिला तारेचा आधार शोभतो. झाबुआच्या आदिवासी बाहुल्यांच्या जोड्या पाहिल्या की त्यांच्या पेहरावातील नेमकेपणापुढे मी नतमस्तक होते, आणि २०२३ साली तेथील रमेश व शांती परमार यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहुली करणाराचे नाव सरकारदरबारी नोंदले गेले याचा मला अपरिमित हर्ष झाला. तरीही कुशीत घेऊन निजावयाच्या बाहुलीत तार घालणे मला निषिद्ध वाटते.

माझ्याकडे शिकावयास येणारी मुलगी इब्राहिमपुऱ्यातील जरदोजीच्या घराण्यातली आहे. कारचोबीच्या चौकटीवर ताणलेल्या मखमलीचा अंदाज तिच्या बोटांत जन्मजात असावा, कारण पहिल्याच महिन्यात तिने मानेचा टाका असा ओढला की मी अवाक् झाले. “खाला, आता हे काम माझ्यावर सोपवा,” ती म्हणते. मी सोपवलेही, पण न्यू मार्केटातील एक दुकानदार केवळ मान पाहून माझी बाहुली ओळखीत असत, आणि ते उद्गार कानी पडावेत म्हणून मी काम नसतानाही त्यांच्या दुकानावरून जात असे, हा अहंकार काही हाताबरोबर थकला नाही. तिने ओढलेला टाकाही माझा म्हणूनच ओळखला जावा असे मला वाटते. ते चूक असेल. परंतु ज्या आत्याची ती मान होती तिचे नाव त्या टाक्यासाठी कुणी कधी घेतले नाही, आणि आपले तसे होऊ नये ही इच्छा मला सोडवत नाही.