80 शब्दांची बातमी

'पहिल्याच सीनला खून दाखव. लाइट ऑफ, किंकाळी, ब्लॅकआउट. पब्लिक खुर्चीला खिळलं पाहिजे, बॉस!'

गुरुवारची दुपार. निघोज्यातला भाड्याचा टू बीएचके, मध्ये वडापावचा ढीग आणि आमच्या एकांकिकेचं पहिलं वाचन. ग्रुपमधले सगळे चाकण एमआयडीसीतले. कुणी क्वालिटीत, कुणी पर्चेसला, कुणी एचआरमध्ये. शिफ्ट सांभाळून नाटक करणारी मंडळी. फ्रीलान्सर मी एकटीच. म्हणजे त्यांच्या भाषेत 'रिकामी', म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात!

विषयही माझाच. फाशीची शिक्षा झालेले आणि नंतर निर्दोष ठरलेले सहा जण. अगदी खरी गोष्ट, तीही आपल्या महाराष्ट्रातली.

जून 2003. नाशिकजवळ शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांवर खटला चालला. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच सुनावली. मग फेरविचार याचिका, नव्याने सुनावणी... आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयात न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र सरकार' ही ती केस. तोवर जवळपास 16 वर्षं गेली होती. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. भरपाई प्रत्येकी 5 लाख रुपये.

ही केस मला माहीत होती, कारण तिची बातमी मी केली होती. 2019 मध्ये मासकॉमची कोरी डिग्री घेऊन मी एका दैनिकात ट्रेनी होते. संध्याकाळी एजन्सीची कॉपी समोर आली. 'सिंगल कॉलम, 80 शब्द,' डेस्कवरून फर्मान सुटलं. मी दहा मिनिटांत उरकलं आणि कँटीनला पळाले. 16 वर्षं, 80 शब्द. वर्षाला पाच! हा हिशेब मी केला तो आत्ता, एकांकिकेसाठी अख्खं निकालपत्र वाचायला घेतलं तेव्हा.

त्या निकालपत्रात एक जागा आहे, जिथे मी थांबले. त्या रात्री वाचलेल्या बाईंना दोनच दिवसांनी पोलिसांच्या रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले गेले. त्यांनी चार जण ओळखले. त्या चौघांवर खटला चाललाच नाही. चालला तो दुसऱ्याच सहा जणांवर.

हे ऐकल्यावर क्वालिटीवाल्या मित्राचा हातातला वडापाव तसाच राहिला. 'आमच्याकडे एक पीस रिजेक्ट झाला तरी कुठल्या लॉटचा, कुठल्या मशीनचा, कुठल्या शिफ्टचा, सगळं शोधावं लागतं. इथं चार फोटो गळाले आणि कुणीच विचारलं नाही?'

विचारलं. 16 वर्षांनी.

पण मग सुरुवातीच्या खुनाच्या सीनचं काय? तो लिहायला मी खरंच बसले आणि अडकले. आमच्याकडे पुरुष नट सहाच. मारेकरी कोण होणार? हेच सहा! एकदा का प्रेक्षकाने त्यांच्या हातात सुरा बघितला, की पुढचा पाऊण तास ते कितीही 'आम्ही नव्हतो' म्हणाले तरी त्याचे डोळे काही विसरणार नाहीत. तोंडावर काळं कापड घातलेल्या आरोपींचा फोटो पेपरात बघताना आपलंही हेच होतं ना? आपण कोर्टाच्या आधीच निकाल देऊन चहा प्यायला मोकळे.

म्हणून मी 'द एक्झोनरेटेड' शोधून काढलं. मृत्युदंडाच्या छायेतून निर्दोष सुटलेल्या माणसांच्या मुलाखती आणि कोर्टाची कागदपत्रं यांवरून जेसिका ब्लँक आणि एरिक जेन्सन यांनी लिहिलेलं हे नाटक 2002 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आलं. नट ओळीने बसतात आणि बोलतात. बस्स! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी ते पाहिलं आणि जानेवारी 2003 मध्ये त्यांनी 167 जणांचा मृत्युदंड कमी केला. नाटकामुळेच केला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्यांनी 2000 पासूनच आपल्या राज्यात अशा शिक्षांची अंमलबजावणी थांबवली होती. पण जाता जाता त्यांना माणसं ऐकू आली असतील, एवढं नक्की.

आमचा खुनाचा सीन गेला. पडदा उघडतो तो फोटोंच्या अल्बमवर. त्या बाईंचं काम एचआरवाली मैत्रीण करतेय. दुसऱ्या तालमीला तिने विचारलं, 'कोर्टात मी या सहांकडे बोट दाखवते, तेव्हा मी खोटं बोलतेय का गं?'

सगळे गप्प. बाहेर महाळुंग्याकडे जाणारे कंटेनर घरघरत होते.

'नाही,' मी म्हटलं. 'तुझी माणसं डोळ्यांदेखत मारली गेलीत. तुला फक्त कुणीतरी सापडायला हवंय.' सहा जण सुटले म्हणजे तिला न्याय मिळाला, असं थोडंच आहे? हे एकांकिकेत आलं नाही, तर आम्हीही तिच्यावर अन्यायच करू.

शेवट अजून ठरायचाय. टाळ्या घेणारा शेवट सगळ्यांना हवाय. बेड्या सुटतात, प्रकाश वाढतो वगैरे. मला मात्र शेवटी एका ट्रेनी मुलीने स्टेजवर येऊन आपली 80 शब्दांची बातमी वाचावी आणि घाईघाईने कँटीनला निघून जावं, असं वाटतंय.

ते काम मीच करणार आहे. अभिनय फारसा करावा लागणार नाही.