पट्टीवरची वेळ

१९९६ साली वैजापुरात कांद्याच्या एका आडत दुकानाचा हिशोब मी फॉक्सप्रोत बसवला होता. लिलाव झाला, काटा झाला, की शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची: वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, उचल वजा. पट्टी झटकन निघायची. पण कुणी वर्षाचं खातं मागितलं की एंटर दाबून चहाला जायचं. परत यावं तर हार्ड डिस्क करकरतच असायची. मुनीमकाका नुसत्या आवाजावरून सांगायचे, "अजून दळतंय."

वेळ कुठे जातो हे शोधायला साधन एकच. संशयित ओळीच्या आधी आणि नंतर 'टाइम' छापणारी एकेक ओळ घुसडायची आणि वजाबाकी वहीत करायची. लाइट गेली की इंडेक्स मोडायचा, तेही या वहीतच कळायचं. एकदा त्यातली एक ओळ काढायची राहून गेली. त्या दिवशी निघालेल्या प्रत्येक पट्टीवर, तोलाईच्या खाली, घड्याळ छापलं गेलं. खंडाळ्याच्या एका शेतकऱ्याने पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हे अकरा बेचाळीस कशाचे कापले, भाऊ?"

आता त्याच दुकानाचा हिशोब लॅपटॉपवर, एसक्यूलाइटमध्ये आहे. ओळी घुसडाव्या लागत नाहीत. कनेक्शन उघडलं की आपलं एक फंक्शन त्याच्या हवाली करायचं. गोणी उतरली की हाक मार, असं मुकादम हमालाला सांगतो ना, तोच हा कॉलबॅक. पूर्वी ट्रेस आणि प्रोफाइल अशी दोन वेगळी फंक्शनं होती, २०१६च्या ३.१४ आवृत्तीत 'ट्रेस व्ही२' आलं आणि दोन्ही कामं एकाकडे गेली. हाक कधी हवी ते आपण सांगायचं: क्वेरी सुरू होताना, संपल्यावर, निकालाच्या प्रत्येक ओळीला, की कनेक्शन बंद होताना. मी फक्त संपल्यावरची घेतो, क्वेरीला लागलेली वेळ तिच्यासोबतच येते. ओळीओळीला हाका मारल्या तर हाकांतच दिवस जायचा. क्वेरीतल्या प्रश्नचिन्हांच्या जागी खऱ्या किमती भरूनही मिळतात, पण मग कुणाची उचल किती हे लॉग फाइलमध्ये उघडं पडतं. मुनीमकाका खतावणी पेटीत कुलपाआड ठेवायचे. मी प्रश्नचिन्हंच राहू देतो.

मध्यंतरी वर्षाच्या खात्याची क्वेरी ४० अब्ज नॅनोसेकंदांवर गेली. ४० सेकंद! इंडेक्स तपासला, शाबूत. क्वेरीचा आराखडा काढून पाहिला, शोध इंडेक्सवरूनच चालला होता. दोन संध्याकाळी घालवल्यावर उमगलं की ही वेळ भिंतीवरच्या घड्याळाची असते: क्वेरीचं पहिलं पाऊल पडल्यापासून ती संपेपर्यंतची, मधे आपला प्रोग्राम थांबला तरी चालूच. आणि माझा प्रोग्राम पान भरलं की 'पुढे' बटण दाबायची वाट बघत थांबत होता. पहिलं पान उघडं टाकून दुकानातलं पोरगं चहाला गेलं होतं, आणि तो चहा एसक्यूलाइटने क्वेरीच्या खात्यावर मांडला होता.